बघेल त्याची जमीन

पावसाळा लागला की आमच्या संभाजीनगरात सकाळचं वर्तमानपत्र हातात घेणारा माणूस आधी एक लहानशी चौकट शोधतो. जायकवाडीत आज किती टक्के साठा, नाशिककडून किती आवक, पातळी किती फूट. १५२२ फूट म्हणजे धरण काठोकाठ, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. या उत्सुकतेत पिण्याच्या पाण्याची काळजी असतेच. पण समुद्रापासून रात्रभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना पाण्याच्या काठाची जी ओढ असते, तीही असते. दरवाजे उघडल्याची बातमी येते, आणि घराघरांतून पैठणला निघण्याची तयारी सुरू होते.

आमचा समुद्र हाच. एकनाथांच्या नावाचा, नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि पाठीमागे भरल्या अंगाने पसरलेलं सुमारे ३५० चौरस किलोमीटरचं पाणी. ज्या जायकवाडी गावाचं नाव धरणाला मिळालं ते बीड जिल्ह्यातलं. मूळ आराखडा तिथला होता. धरण वर पैठणला सरकलं, नाव मात्र तेच राहिलं. या पाण्याखाली आणि पाण्यामुळे शंभराहून अधिक गावांचं जगणं उलटंपालटं झालं. त्यांची काळी रानं, त्यांचे पार, त्यांच्या विहिरी आज आमच्या नळाच्या पाण्याखाली आहेत. म्हणून नाथसागराच्या काठावर उभं राहिलं की मला नुसता देखावा दिसत नाही. माझ्या घागरीचं देणं दिसतं.

हा काठ एका जागी थांबत नाही. धरण खोल कमी आणि पसरट फार. त्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी पाणी कितीतरी दूर जातं आणि मागे ओल्या गाळाचा पट्टा टाकून जातं. श्रावण-भाद्रपदात पाणी शिवारात चढत येतं, बाभळी कमरेपर्यंत बुडतात. अश्विनात भोई थर्माकोलच्या तराफ्यांवर बसून जाळी टाकतात आणि पहाटे उचलतात. कार्तिक सरता सरता काठ मागे हटू लागतो. मार्गशीर्षात उत्तरेकडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात. उथळ चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग मान खाली घालून चरत असते. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो या चिखलामुळेच. खोल पाण्यावर एवढे पक्षी पोट भरू शकत नाहीत. वैशाखात पाणी आणखी उतरतं. मग काठच्या गावांची गुरं तिथं चरतात, आणि उन्हाळा फार कडक असला तर बुडालेल्या एखाद्या वाड्याचा चौथरा, देवळाचं जोतं उघडं पडतं. लोक नारळ घेऊन जातात.

उघड्या पडणाऱ्या या जमिनीला गाळपेर म्हणतात. मालकी सरकारची, पेरणी हंगामापुरती. ज्यांची जमीन बुडाली त्या प्रकल्पग्रस्तांना ती भाडेपट्ट्याने देताना पहिला मान, अशी रीत. पैठण तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर मी त्या गाळावरून चालले होते. त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. वरून भेगाळलेला गाळ पायाखाली किंचित दबायचा आणि भेगांतून गार ओल तळव्याला लागायची. नांगर नव्हता, खत नव्हतं; टोबून लावलेला हरभरा वीतभर उभा होता. मध्येच ते थांबले, काठीनं एक दगड दाखवला. "हा आमच्या बांधाचा दगड. आजा कसायचा तेच रान हे. पाणी हटलं की वर येतंय, आन् मग सरकारकून घ्यावं लागतंय." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पाणी परत येणार आणि हे रान पुन्हा खाली जाणार, हे त्यांनी कधीच मान्य केलेलं होतं. पुढं चिखलात पक्ष्यांचे तीन बोटांचे ठसे उमटले होते. हरभरा तिथपर्यंत गेला नव्हता.

गाळपेर आणि अभयारण्य यांचं सगळं सुरळीत चालतं, असं मी म्हणत नाही. औषधांची फवारणी, जाळ्यांत अडकणारे पक्षी, चराईवरून होणारे वाद हे सगळं आहे. पण ते वाद एका हंगामात घडतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा बोलून सोडवता येतात. पाणी चढलं की सगळ्यांनाच उठावं लागतं. या काठावर आजवर कुणी मुक्काम कायमचा मांडलेला नाही, आणि त्यामुळेच तो इतक्या जणांना पुरला.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात नाथषष्ठीची यात्रा भरते. एकनाथांनी १५९९ मध्ये याच दिवशी गोदावरीत जलसमाधी घेतली. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून दिंड्या येतात, लाखो माणसं. गोदाकाठी राहुट्या पडतात, पिकं निघालेल्या मोकळ्या वावरांत पालं उभी राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, रात्रभर टाळ वाजत राहतो. आणि काला झाला की दिंड्या उठतात. आठवडाभरात वावर पुन्हा वावर होतं. माणसं इथं चारशेहून अधिक वर्षं पाहुणी म्हणून येत आहेत, पण त्यांच्या येण्यानं जमिनीचा धर्म बदलला नाही.

आता मात्र पैठणच्या वाटेवर, आणि पुण्याच्या वाटेवर कायगाव टोक्याच्या आसपास जिथं प्रवरा गोदावरीला मिळते तिथं, मला वेगळ्या पाट्या दिसतात. 'लेक व्ह्यू प्लॉट', 'वीकेंड होम', 'फार्म हाऊस, पाण्याला लागून'. पाटीवरच्या चित्रात पाणी नेहमी भरलेलं असतं. उतरलेल्या पाण्याचा काळा, ओला, पक्ष्यांनी गजबजलेला गाळ कुठल्याही चित्रात नसतो, कारण तो विकायच्या उपयोगाचा नाही. काठावर घर घेणाऱ्याला पाणी बारा महिने खिडकीखाली हवं असतं. ते उतरलं की त्याला घाण वाटतं, चिखल वाटतो. मग मधल्या गाळात वाट काढावी, भराव टाकावा, जेट्टी बांधावी असं त्याच्या मनात येऊ लागतं. काठ चालता आहे हे त्याच्या सौद्यात लिहिलेलंच नसतं.

हे शहर राज्याची पर्यटन राजधानी म्हणवून घेतं. वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारशात आहेत, त्यांच्यावर कितीतरी घरांच्या चुली चालतात. दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका त्या पाहुण्यांच्याच भरवशावर असतात. त्याच रस्त्यांवर हिवाळ्यात हुरडा असायचा, आणि अजूनही असतो. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, निखाऱ्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं, चटका देणारं कणीस तळहातावर चोळून पाखडलेले हिरवे दाणे, सोबत जवसाची चटणी आणि गूळ. महिना-दीड महिन्याचा हा पाहुणचार. ज्वारीत चीक आहे तोवर पाहुणे यायचे. दाणा टणक झाला की पाहुणे बंद आणि काढणी सुरू. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्तीचे पडायचे आणि वावर वावरच राहायचं. आता काही ठिकाणी तिथं हिरवळ अंथरलेली आहे, पोहण्याचा तलाव आहे, बारा महिने खोल्या आहेत. कडेला शोभेपुरती ज्वारी पेरलेली असते आणि हुरडा दुसरीकडून गोणीत येतो. जे आधी शेताचं एक जास्तीचं उत्पन्न होतं, त्याच्यासाठी शेतच गेलं. नाथसागराच्या काठाचं उद्या काय होणार, याची मला जी भीती वाटते तिची सुरुवात या हिरवळीपासून होते.

आणि ज्यांच्याकडे हे सगळं आधी होऊन गेलं, त्यांचा काठ आपल्याच राज्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत आमच्या शहरातून भरभरून गाड्या तारकर्ली-मालवणला जातात. मीही जाते. तिथल्या वाळूवर एका पहाटे मी रापण पाहिली. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळ सोडलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा. टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकून ओढायचं, दोराच्या शेवटाला गेलेल्यानं पुन्हा पाण्याशी येऊन पुढचा दोर धरायचा. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकत होत्या. जाळं आत येऊ लागलं तसं पाणी उकळल्यासारखं फडफडलं. बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. मासळीचे वाटे वाळूवरच पडले: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. एक म्हातारे दोर गुंडाळत होते. मी म्हटलं, किती सुंदर आहे हो तुमचा समुद्र. ते हसले. "दर्या बघूक आमका येळ खय होतो?"

रापणीला शेदोनशे पावलांची मोकळी वाळू लागते. तिथं कायमचं काही नको. त्याच वाळूवर दुपारी मासळी सुकते, पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या जातात, संध्याकाळी पोरं खेळतात. किनारा ही गावाची ओसरी. तिथं कुणीही बसावं, कुणीही उठावं. त्या ओसरीवर छत्र्या, खुर्च्या, पॅरासेलिंगच्या बोटी आणि खाण्याचे ठेले बसले की रापणीला जागा उरत नाही. कुणी तिला बंदी घातलेली नसते. तिची जागा तेवढी गेलेली असते.

बदल वाळूच्या मागेही होतो, आणि तो बघणाऱ्याला चटकन दिसत नाही. भरतीच्या माऱ्यापुढे वाळूचा उंचवटा असतो. त्यावर मर्यादवेल पसरलेली, मागे केवडा आणि उंडी. ही वेल वाळू धरून ठेवते, तो उंचवटा वादळात लाट अडवतो. समोरचा समुद्र दिसावा म्हणून पहिल्यांदा हाच उंचवटा सपाट केला जातो. मग येते विहिरीची पाळी. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. घरापुरतं, माडापोफळींपुरतं शेंदलं तर पावसाळा ते पुन्हा भरून काढतो. वीस खोल्यांच्या अंघोळीला पंप लावला की गोड्या पाण्याचा तो थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं. त्याच वाळूत शोषखड्डे असतात, त्यांचं पाणी चाळणीतून जावं तसं विहिरीकडे झिरपतं. समुद्र बघायला आलेल्यांची तहान भागवता भागवता समुद्रच विहिरीत शिरतो.

कायद्यानं हे ओळखलं नव्हतं असं नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर पोहोचतं ती रेषा प्रमाण मानली आणि ग्रामीण किनाऱ्यावर तिच्यापासून २०० मीटर आतपर्यंत नवं बांधकाम नको असं ठरवलं. पाण्याला मागे-पुढे व्हायला जागा ठेवायची, हा त्यामागचा विचार. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर ही २०० मीटरची जागा ५० मीटरवर आणली, आणि राखीव पट्ट्यात पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी उभारायला वाट दिली. स्थानिकांनी आपली घरं दुरुस्त करायलाही परवानग्यांसाठी हेलपाटे घातले होते, त्यांना सवलत हवीच होती. पण मोकळा झालेला दीडशे मीटरचा पट्टा घर वाढवणाऱ्या कोळ्याच्या हाती किती राहील आणि बाहेरच्या पैशाच्या हाती किती जाईल, हे जमिनीचा भाव ठरवतो.

हा भाव कसा चालतो, ते अलिबागकडे बघून कळतं. त्याच तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायलाच नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं तो संप १९३९ पर्यंत चालला. मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले. भातखाचरं पडीक ठेवली, पण माघार घेतली नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, आमच्या मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, आणि 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कागदावर उतरली. आज मुंबईहून मांडव्याला रो-रो बोटीनं तासाभरात गाडीसकट उतरता येतं. खारेपाटाच्या बांधांआड भात पिकवणाऱ्या तालुक्यात आता बंगल्यांच्या कुंपणभिंती लांबच लांब गेल्या आहेत, आणि त्या भिंतींमधून समुद्राकडे जाणारी वहिवाटीची वाट शोधावी लागते. विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही. भाताला भाव नाही, मुलं मुंबईत, सातबाऱ्यावर पंचवीस सामाईक नावं. एखादा एजंट सगळ्यांच्या सह्या गोळा करून आणतो तेव्हा ते पैसे म्हणजे मुलीचं शिक्षण असतं, आजारपण असतं. पण सहा वर्षं उपाशी राहून कसणाऱ्यानं मिळवलेली जमीन, समुद्राचा देखावा चांगला दिसतो म्हणून एका पिढीत हातची जाते, याचं दुःख मला झाल्याशिवाय राहत नाही. कसेल त्याची जमीन होता होता ती बघेल त्याची झाली.

हा बदल सरकारी कागदावर फार शांतपणे होतो. सातबाऱ्यात दोन नमुने असतात. सातमध्ये मालकी, बारामध्ये पीक: खरिपाला काय होतं, रब्बीला काय होतं, किती पड होतं, पाणी कुठलं होतं. जमीन अकृषिक झाली, लोकांच्या भाषेत 'एनए झाली', की बाराच्या नमुन्याची गरज उरत नाही. सात उरतो, बारा जातो. त्या जमिनीवर आता कुठला हंगाम येतो आणि कुठला जातो, हे कुणी विचारायचं कारण राहत नाही. मालक कोण, एवढंच राहतं. आणि गंमत अशी नाही, वेदना अशी आहे की गाळपेर, रापण, चराई, दिंडीचा मुक्काम, वहिवाटीची पायवाट यांतलं जवळजवळ काहीच त्या बाराच्या नमुन्यातही नीट लिहिलं गेलेलं नव्हतं. काठावरचे हक्क लोकांच्या सवयीत होते. जे लिहिलेलंच नव्हतं ते पुसायला खोडरबरही लागत नाही.

पाहुणे येऊच नयेत असं मला म्हणायचं नाही. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं लहानसं गाव आहे, नाना फडणवीसांचं. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं गावकऱ्यांबरोबर ती घरटी राखायला घेतली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं समुद्राकडे निघतात, तेवढ्याच काळात लोक येतात. गावातल्या घरांतच उतरायचं, पडवीत गाद्या टाकून झोपायचं, घरातलंच जेवायचं. पिल्लं गेली की पाहुणेही गेले, आणि घर पुन्हा आंब्याच्या, भाताच्या कामाला लागलं. कासव, वाळू, गाव आणि पाहुणा यांची पाळी लागलेली आहे. एवढ्यावर सगळ्या कोकणाचं पोट भरेल असं नाही, पण काठाच्या तालावर पर्यटन चालवता येतं याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

नाथसागराच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. २०१७ मध्ये अभयारण्याभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं आहे. धरणाच्या पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान आधीच आहे. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ते उभं राहिलं होतं. ते पुन्हा नीट फुलवलं, पैठणच्या मागांवर चालणारी पैठणी, नाथांचा वाडा आणि गोदाकाठचे घाट नीट दाखवले, तर पाहुण्याला राहायला गाव आहे. त्याला गाळात घर बांधायची गरज नाही. पक्षी दाखवायला काठच्याच पोरांना दुर्बिणी द्याव्यात. भोयांच्या मुलांइतकं ते पाणी कुणाला ओळखता येतं?

माझं मागणं एवढंच आहे. काठाजवळच्या जमिनीचा वापर बदलायचा अर्ज येईल तेव्हा तहसील कार्यालयानं चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा रकाने आखून ग्रामसभेत पाठवावेत, आणि प्रत्येक महिन्यापुढे या जागेवर कोण येतं ते विचारावं. कुणाची गुरं, कुणाची जाळी, कुणाचा हरभरा, कुठल्या गावची दिंडी, कुठले पक्षी. बुडालेल्या गावांची म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना हे रकाने भरता येतील. आणखी पंधरा वर्षांनी कुणाला येणार नाहीत. एकही रकाना रिकामा निघाला नाही तर ती जमीन मोकळी नाही, हे शासनानं मान्य करावं. आणि एखादा-दुसरा महिना खरोखरच रिकामा सापडला, तर पाहुण्याला आनंदानं तेवढ्या महिन्यांचा मुक्काम द्यावा, मालकी देऊ नये.